दाजींचे टायर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी टपालवाल्या काकांचं नाव घेईन. आईवडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही, त्यांचंही मत तेच आहे. काकांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडायचं नाही. सरळगावच्या पलीकडच्या पाच गावांत त्यांना सगळे टपालवाले काका म्हणूनच ओळखतात. तीसएक वर्षं त्यांनी त्या पाच गावांत सायकलवरून टपाल वाटलं.

माझी शाळा त्यांच्या फेरीच्या वाटेवर होती. पाचवीत असताना एकदा त्यांनी मला दांडीवर बसवलं, आणि मग दहावीपर्यंत सकाळी त्यांच्या सायकलची घंटा वाजली की मी दप्तर घेऊन धावायचो. सरपंचांच्या नावाने एक मासिक यायचं. काका ते कागदी वेष्टनातून अलगद बाहेर काढायचे, मला वाचायला द्यायचे आणि परतीच्या वाटेवर पुन्हा वेष्टनात सरकवून सरपंचांच्या हातात ठेवायचे. हे नियमात बसत नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. "घडी मोडू नको म्हणजे झालं," एवढंच ते म्हणायचे. बारावीनंतर मुरबाडच्या कॉलेजात फॉर्म द्यायच्या शेवटच्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो. वडिलांना कॉलेज कुठे हेही माहीत नव्हतं. काकांनी टपाल वाटून झाल्यावर फॉर्म घेतला आणि खिडकी बंद व्हायच्या आत पोचवला. आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो तो त्या दुपारमुळे.

आता मी आसनगावजवळच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात आहे आणि शहापूरला खोली घेऊन राहतो. नोकरी पक्की झाल्यावर मी पहिली हौस केली ती सायकलची. कल्याणच्या एका माणसाची वापरलेली रोड बाइक घेतली. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, उचलली तर एका हातात येणारी. रविवारी सकाळी शहापूरहून निघायचं, किन्हवलीवरून काळू नदीचा पूल ओलांडून सरळगावला यायचं आणि काकांच्या ओट्यावर चहा प्यायचा, हा माझा नेम झाला.

त्या पहिल्या वर्षी सायकलपेक्षा मी पंक्चरच जास्त चालवलं. भात कापून झालं की आमच्याकडे वाल-हरभऱ्याच्या शेतांना काटेरी वय, म्हणजे कुंपण, घालतात. बाभळीच्या, बोरीच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात आणि काटे डांबरावर गळतात. माझे टायर पंचवीस मिलिमीटरचे, हलके, कागदासारखे. काकांच्या ओट्यावर पोचायचो तेव्हा चहाआधी ट्यूब बाहेर निघायची. काका भोक बघून सांगायचे की हा बाभळीचा, हा बोरीचा, आणि हा काटा नव्हेच, तार आहे. तसं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एका रविवारी ते म्हणाले, "असं नाय चालायचं. पळायचं नंतर बघू, आधी पोचायला पायजे." आणि माझ्याबरोबर कल्याणला आले. दुकानदार हलके टायर दाखवत होता, वजन ग्रॅममध्ये सांगत होता. काका त्याचं ऐकत नव्हते. ते एकेक टायर घ्यायचे, मधोमध अंगठ्याचं नख रुतवून दाबायचे, मग टायर उलटा करून आतल्या बाजूने दाबायचे. नख आत गेलं की खाली ठेवायचे. दुकानदार शेवटी म्हणाला, काका, आंबे नाहीत हे. काका म्हणाले, आंबा एकदाच खायचा असतो, हा रोज चालवायचा आहे. अर्ध्या तासाने त्यांना हवा तो टायर मिळाला. अठ्ठावीसचा, जड, काठाला तार असलेला. रबराखाली दुसऱ्या जाड रबराचा पट्टा होता, त्यात नख रुतत नव्हतं. तो रिमवर चढवताना आम्हा दोघांची बोटं सोलून निघाली. साबणाचं पाणी लावलं, दोन चमचे वाकवले, काकीने तिसरा दिला नाही. पण त्यानंतर दोन हिवाळे माझी हवा गेली नाही. त्या टायरकडे बघितलं की मला वाटायचं, हे दोघांनी मिळून केलेलं काम आहे. आणि ते दोघे म्हणजे काका आणि मी.

मग काकांच्या मुलीचं लग्न झालं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती मला राखी बांधते, त्यामुळे तिचे यजमान माझे दाजी. कल्याणला एका कंपनीत काम करतात. माणूस चांगला आहे. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांचा एकही दोष मला सापडलेला नाही. मी पुष्कळ शोधला.

दाजीही सायकलवाले निघाले. दिवाळीला ते नवी कोरी रोड बाइक गाडीच्या टपावर बांधून सासुरवाडीला आले. काकांनी ती सायकल एका बोटावर उचलली आणि मोठ्याने हसले. "जावईबापू, ही तर टपालाच्या थैलीपेक्षा हलकी." माझी सायकल पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी चेन बघितली होती, ब्रेक बघितले होते. हसले नव्हते.

त्या दिवसापासून मी मोजायला लागलो. ओट्यावरच्या एकुलत्या एका खुर्चीत आता दाजी बसायचे आणि मी पायरीवर. वास्तविक मी आधीही पायरीवरच बसायचो, पण तेव्हा खुर्ची रिकामी असायची. काकी त्यांना तांदळाची भाकरी गरम वाढायची आणि मला म्हणायची, तू घरचाच आहेस, थांब जरा. घरचा असणं ही गोष्ट इतकी जिव्हारी लागू शकते हे मला माहीत नव्हतं. काका त्यांना गिअरबद्दल विचारायचे. मला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलंच होतं. हा फरक माझ्या बाजूचा होता, आज कळतं. तेव्हा मला तो माझ्या विरुद्ध वाटला.

एकदा मी पोचलो तेव्हा काका दाजींना एक गोष्ट सांगत होते. काळूचं पाणी फरशीच्या पुलावरून चाललेलं, काकांच्या डोक्यावर टपालाची थैली, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात पाचवीतला एक मुलगा. तो मुलगा मी होतो. ती गोष्ट मी कॉलेजात सांगितली होती, कारखान्यात सांगितली होती, ती माझी गोष्ट होती. आणि काका म्हणाले, "एक पोरगं होतं संगती, रडाया लागलं." दाजींनी विचारलं, कोण पोरगं? काकांनी माझ्याकडे हनुवटी केली आणि पुढे पाण्याचं सांगायला लागले. दाजी माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. मी पण हसलो. घरी जाताना किन्हवलीपर्यंत मी इतक्या जोरात पॅडल मारलं की मांड्या दुखायला लागल्या.

पौषात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काही महिने सायकल बंद. काकीने ते ऐकलं आणि कायमची बंद करून टाकली. यावर घरात बराच वाद झाला आणि काकी जिंकली. तेव्हा काकांनी एकच मागणं मागितलं. ऑपरेशनआधी एक रविवार त्यांना त्यांची जुनी फेरी करायची होती. पाचही गावं, त्याच क्रमाने, त्यांच्या काळ्या सायकलवर. पुढे-मागे मी आणि दाजी. पाच गावांत त्यांनी निरोप धाडले. सगळ्यांत शेवटची नदीकाठची वाडी, तिथे तर लोकांनी चहा-पोह्याचं ठरवलं.

तो रविवार म्हशाच्या जत्रेतला होता.

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडच्या सायकलवाल्याला वाटेल. म्हशाला, म्हणजे म्हसा गावी, बैलांचा बाजार भरतो. लांबचे बैल आता टेम्पोतून येतात, पण जवळच्या गावांतले चालत जातात, आणि जायच्या आधी त्यांच्या खुरांना नव्या पत्र्या, म्हणजे नाल, ठोकतात. पत्री मारणारे लोक त्या दिवसांत गावाच्या वेशीवर रस्त्याकडेलाच बसतात. बैल आडवा पाडायचा, जुनी झिजलेली पत्री उपटायची, नवी ठोकायची. जुन्या पत्रीचे खिळे बोटाच्या पेराएवढे, चपट्या डोक्याचे. ते उडून कुठे पडतात ते कोणी बघत नाही. काटा निदान सरळ असतो. पत्रीचा खिळा वाकडा असतो, आणि जत्रेच्या पंधरवड्यात तो आमच्या सगळ्या रस्त्यांवर असतो.

आठ दिवस आधी दाजींचा फोन आला. त्यांना फेरीसाठी सायकलचे टायर बदलायचे होते.

"मेव्हणे, मामा म्हणाले, टायरचं तुम्हालाच विचारायचं. म्हणाले, त्या रस्त्याचं त्याला जेवढं कळतं तेवढं मला पण नाय कळत."

काकांनी माझ्याबद्दल असं कधी माझ्यासमोर म्हटलं नव्हतं. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं ते हे, की माझं कौतुकसुद्धा आता यांच्याकडून ऐकावं लागतंय.

दाजी विचारत होते, पंचवीस घेऊ की अठ्ठावीस? पट्ट्याचे घेऊ का? ते जड असतात ना?

मी म्हणालो, "रस्ता आता सिमेंटचा झालाय दाजी. पंचवीसचे हलके घ्या. फास्ट जातात."

यात एकही शब्द खोटा नव्हता. सरळगावपर्यंतचा बराच रस्ता खरोखर सिमेंटचा झाला आहे, आणि हलके टायर खरोखर फास्ट जातात. मी रोज कारखान्यात माल तपासतो. एखादा नमुना नापास होणार हे माहीत असताना त्याच्यावर पासचा शिक्का मारणं काय असतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

रविवारी सात वाजता निघालो. काका पुढे होते. त्यांनी खाकी पँट घातली होती आणि कॅरिअरला रिकामी थैली अडकवली होती. पहिल्या गावात दोन घरी थांबलो. दुसऱ्या गावात एका म्हातारीने काकांना आत ओढून नेलं. तिच्या मुलाची पत्रं काकांनी तिला वर्षानुवर्षं वाचून दाखवली होती. आम्ही दोघं वेशीवर थांबलो. शेजारीच पत्री मारायचं काम चाललं होतं. दाजी कौतुकाने बैल बघायला सायकल घेऊन जवळ गेले आणि परत आले तेव्हा त्यांचं पुढचं चाक खाली बसलं होतं.

त्यांच्याकडे एक जादा ट्यूब होती. त्यांनी घाईघाईने टायर सोडवला, ट्यूब बदलली. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची असतात, जे रुतलंय ते अजून तिथेच असतं. त्यांनी फिरवली नाहीत. मी पंप हातात धरून उभा होतो आणि ते बघत होतो. मी त्यांना पंप दिला. फोनवरचं एक वेळ मी विसरलो म्हणता येईल. हे नाही.

तिसऱ्या गावाच्या अलीकडे पुढचं चाक पुन्हा गेलं आणि थोड्या वेळात मागचंही. काका मागे वळून आले. रस्त्याकडेच्या दगडावर बसले, दुखरा पाय सरळ लांब ठेवला आणि म्हणाले, "आणा हितं."

पुढचा तास-दीड तास मी तिथे उभा होतो. काकांनी टायर उलटा केला, दाजींचं बोट धरलं आणि टायरच्या आतून सावकाश फिरवलं. "इथं लागतंय का? सावकाश. अजून पुढं." दाजींचं बोट एका जागी थबकलं. काकांनी दातांत धरून खिळा ओढून काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. पत्रीचा होता. मग ठिगळ कसं घासायचं, सोल्युशन लावून किती वेळ फुंकर मारायची, कधी चिकटवायचं, हे सगळं. जे बोट पूर्वी माझं धरलं होतं, ते आता दाजींचं होतं. माझे दोन्ही टायर टणक होते, त्यामुळे मला त्यात काहीच काम नव्हतं. मी कट करून जे त्यांच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो, तेच नेमकं मी त्यांना मिळवून दिलं. आणि तेवढ्यातही माझ्या मनात पश्चात्ताप नव्हता. आपणही पंचवीसचे टायर घालून यायला हवं होतं, असं मला वाटत होतं.

शेवटचं ठिगळ लागलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"तू यांना टायरचं बोलला नव्हतास?"

मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "बोलले होते ओ मामा. जाड घ्या म्हणून बोलले होते. मीच नाय ऐकलं. मला फास्ट पायजे होते."

हे बोलताना ते माझ्या मागच्या टायरकडे बघत होते.

काका हसले. "मंग भोगा." आणि उठायला गेले तर उठता येईना. गुडघा आखडला होता आणि पँटीतूनही सुजलेला दिसत होता. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. त्यांनी सायकलवर टांग टाकून बघितली, पाय वर येईना. उरलेल्या रस्त्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. झालं तेवढं झालं." म्हशाहून परत येणारा एक रिकामा टेम्पो आम्ही थांबवला. तीन सायकली आणि आम्ही तिघे मागे बसलो. शेणाचा आणि कडब्याचा वास होता. दाजी काकांना हसवत होते. मी डोळे मिटून घेतले, आणि मी दमलोय असं दोघांना वाटलं, किंवा एकाला.

माझा खोटेपणा दाजींनी स्वतःच्या अंगावर घेतला. मी त्यांचे आभार मानायला हवे होते. पण शहापूरला परत जाताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की मोठेपणाही त्यांनीच नेला. माझ्यासाठी खोटं बोलायचीही पाळी काकांच्या घरात त्यांचीच. तीन रात्री मला नीट झोप लागली नाही. चौथ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर मी पोस्टात गेलो, एक आंतर्देशीय पत्र घेतलं आणि तिथल्या उतरत्या फळीवर उभ्याने लिहिलं. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी काय करतो ते मी बघितलं होतं. पत्रात हे होतं:

"काका,

तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवलीत. हे तुमचं आहे, आणि दुसऱ्या कोणाला वाचून दाखवू नका.

रविवारी दाजी खोटं बोलले. मी त्यांना जाड टायर घ्या असं सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, तुमचं नाव घेऊन विचारलं होतं, आणि मी हलके घ्या म्हणालो. म्हशाच्या खिळ्यांबद्दल बोललो नाही. मला ते आठवलं नाही असं नाही, आठवलं आणि बोललो नाही. दुसऱ्या गावात त्यांनी टायरमधून बोट फिरवलं नाही तेही मी बघितलं आणि गप्प राहिलो. तुमची फेरी खिळ्याने मोडली नाही, मी मोडली. नदीकाठच्या वाडीतले लोक पोहे करून दुपारपर्यंत वाट बघत होते असं मला काल कळलं.

मी असं का केलं ते लिहायला लाज वाटते, पण तुम्ही विचाराल. तुम्ही त्यांची सायकल उचलून हसलात. तुम्ही माझी गोष्ट त्यांना सांगितलीत आणि त्यात मी एक पोरगं झालो. ते खुर्चीत बसतात. वाचताना तुम्हाला हे पोरकट वाटेल. मलाही लिहिताना वाटतंय, पण ते गेलेलं नाही. हे पत्र लिहिल्याने जाईल असंही मी म्हणत नाही.

माझी नोकरी, माझी पदवी, मी लिहितोय हे अक्षर, सगळं तुमच्यामुळे आहे. आणि तुमच्या एका रविवारचं मी हे केलं. माफी मागायची तर कशी मागायची ते मला माहीत नाही, म्हणून जे झालं ते सगळं लिहिलं.

दाजींना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना बहुतेक माहीत आहे. तरी तोंडाने सांगेन. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं, आणि त्यातही पहिला नंबर लावायची माझी खोड असेल तर तीही कळू दे.

ऑपरेशनला दवाखान्यात कोण थांबणार ते अजून ठरलेलं नाही असं काकी म्हणाली. दाजींनी रजा टाकली आहे. मीही टाकली आहे. दोघांतलं कोण, ते तुम्ही सांगा. माझं नाव नाही आलं तर मी भांडणार नाही, बाहेरच्या बाकावर बसेन.

तुमचा,
दांडीवरचा"